तेरावं वचन

गुरुवारी मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून
हात आधी रॉकेलनं धुतो, मग साबणानं,
आणि योसेफ सरकट्याच्या गोठ्याला लागून
जी पत्र्याची खोली आहे, तिथं जातो.
नखांतलं वार्निश निघत नाही.
त्याच बोटानं ओळ दाखवतो.

सात जण येतात. कधी नऊ.
वाचता येतं तिघांना,
त्यातही इझाकरावांचा चष्मा मुलीच्या घरी राहिलेला.
मी काही पाळक नाही. टपालानं शिकलो.
अठरा पुस्तिका, प्रत्येकीच्या शेवटी 'रिकाम्या जागा भरा'.
एका ठिकाणी होतं : मीठ म्हणजे टिंब टिंब टिंब.
मी लिहिलं, जगाला चव आणणारा विश्वासू माणूस.
दहापैकी दहा मिळाले, लाल शाईत.

आज तेच वचन आलं.
मत्तय, पाचवा अध्याय, तेरावं.
तुम्ही जगाचं मीठ आहात, असं मी वाचलं
आणि खोली बसली,
जशी मोटार बसते,
आधी नुसती गुणगुण, मग काहीच नाही.

"कोन्तं मीठ, मास्तर?" योसेफनं विचारलं,
"बोरातलं?"

इथं पूर्णेच्या काठी
मीठ दुकानातून आणण्याआधीच घरात असतं.
चैतात वावरावर पांढरं फुटतं.
चहातलं दूध फाटतं,
तुरीची डाळ तासभर उकळून
दाणा तो दाणाच राहते.
पाइप सडतात, मोटारी जळतात
आणि माझं घर चालतं
(हे मी बोललो नाही).
गावातले पाच जण आठवड्यातून दोनदा
अकोल्याला जातात, रक्त धुऊन आणायला.
जग आळणी आहे, अशी तक्रार
इथं कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मी पुस्तिकेतलं सांगू लागलो.
मीठ सडू देत नाही. त्या काळी मासे खारवून...
"आमचं वावर सडवलं ना त्यानं,"
रूथाबाई म्हणाली. हसली नाही.

इझाकराव भिंतीला टेकून म्हणाले,
"गावात दोनशे घरं. आपली किती? चार.
चिमूट म्हना. भाजीत चिमूटच पायजे.
पोतंभर झालो, तं आपुनबी खारपान."
हे मला आवडलं. वहीत लिहून घेत होतो,
तेवढ्यात मागून सलोमीबाई बोलली,
जी कधी बोलत नाही,
ढेपेच्या पोत्यावर बसून नुसती ऐकते.

"माह्या मालकाले डाक्टरनं मीठ बंद केलं होतं.
सात महिने आळणी रांधलं मी.
येगळा गंज, येगळा चमचा.
शेवटच्या दिशी म्हने,
सलोमे, भाकरीवर जराक मीठ दे वं.
मी देल्लं. चिमूटच.
त्यानं बोटं चाटली. लय दिवसानं हासला.
पहाटे गेला.
आता तुमी शिकलेले हा, तं सांगा,
थे मीठ कोन होतं?"

काय होतं, असं नाही. कोन होतं.

गोठ्यात म्हशीनं साखळी ओढली.
मी पानं उलटली, लोटाच्या बायकोपर्यंत गेलो,
तिथून परत आलो.

"मंग म्या पाप केलं काय?"

नाही, मी म्हणालो.
एकही वचन न शोधता म्हणालो,
आणि म्हटल्यावर घाम आला,
कारण हे मला कुठल्या पुस्तिकेनं शिकवलं
ते सांगता आलं नसतं.

तिनं मान हलवली,
पटलं म्हणून की दमली म्हणून, कळलं नाही.
रूथाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला
आणि टाकीतल्या पावसाच्या पाण्याचा चहा आणला.
दूध फाटलं नाही.

अठरातली ती एक पुस्तिका पिशवीत होतीच.
माझं उत्तर पुसता येत नव्हतं, पेनचं आहे.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं :
सलोमीबाईला विचारणे.

निघताना योसेफ बॅटरी दाखवत फाटकापर्यंत आला.
"पुढचं कोन्तं, मास्तर?"
चौदावं. तुम्ही जगाचा उजेड आहात.
"अरे बाप्पा," तो म्हणाला,
"मंग त्या दिशी लाईन राहाते का नाई
ते पाहून ठेवा."